कोलेस्टेरॉल नॉर्मल, मग बीपीच्या पेशंटला ही दुसरी गोळी कशाला?

बीपीच्या पेशंटला डॉक्टरांनी दोन गोळ्या लिहून दिल्या की घरात हमखास प्रश्न निघतो. 'रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉल तर नॉर्मल आहे, मग ही दुसरी कशाला?' प्रश्न रास्त आहे. पण डॉक्टरांना तो कुणी विचारत नाही आणि महिनाअखेर पैसे कमी पडले की पहिली बंद होते ती हीच गोळी.

स्ट्रिपवर अ‍ॅटोर्वास्टॅटिन किंवा रोझुवास्टॅटिन असे नाव दिसेल. या गटाला स्टॅटिन म्हणतात. जपानचे शास्त्रज्ञ अकिरा एन्डो यांनी १९७० च्या दशकात हजारो बुरशी तपासून पहिले स्टॅटिन शोधले. १९८७ साली अमेरिकेत यातले पहिले औषध बाजारात आले. आपले यकृत स्वतःच कोलेस्टेरॉल तयार करते, ते काम ही गोळी मंदावते. मग यकृत रक्तातले एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, जास्त ओढून घेते.

आता बीपीचा संबंध. रक्ताचा दाब वर्षानुवर्षे जास्त राहिला की रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा होते. त्या जागी एलडीएल शिरते, थर साचतो आणि एक दिवस तो फुटून रक्ताची गुठळी होते. गुठळी हृदयाच्या वाहिनीत अडकली तर हार्ट अटॅक, मेंदूच्या वाहिनीत अडकली तर पक्षाघात. बीपीची गोळी दाब उतरवते, स्टॅटिन थर रोखते. शत्रू एकच, पण कामे दोन.

याचा मोठा पुरावा २००३ साली प्रसिद्ध झालेल्या 'अ‍ॅस्कॉट' चाचणीत मिळाला. ब्रिटन, आयर्लंड आणि नॉर्डिक देशांतले १०,००० हून अधिक बीपीचे पेशंट त्यात होते. त्यांचे कोलेस्टेरॉल फारसे वाढलेले नव्हते. अर्ध्यांना १० मिलिग्रॅम अ‍ॅटोर्वास्टॅटिन दिले, अर्ध्यांना औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी. सव्वातीन वर्षांत हार्ट अटॅक किंवा हृदयविकाराने मृत्यू अशा घटना औषध घेणाऱ्यांत १००, तर न घेणाऱ्यांत १५४ झाल्या. पक्षाघातही कमी झाले. पाच वर्षांची चाचणी मध्येच थांबवावी लागली, इतका फरक स्पष्ट होता. मात्र या पेशंटना बीपीखेरीज वय, तंबाखू, मधुमेह असे आणखी किमान तीन धोके होते. म्हणून बीपी असलेल्या प्रत्येकाला स्टॅटिन लागतेच असे नाही. ते डॉक्टर एकूण धोका पाहून ठरवतात.

स्टॅटिनने बीपीही उतरते का? थोडेसे, साधारण दोन अंक. १६० चे १५८ झाल्याने काय होणार? त्यामुळे 'कोलेस्टेरॉलची चालू आहे ना, बीपीची सोडतो' हा हिशोब धोक्याचा आहे. उलटा हिशोबही तितकाच धोक्याचा. रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळे आला. गोळी सोडली की काही आठवड्यांत एलडीएल पुन्हा वर जाते.

दोन्ही औषधे एकत्र घेताना एक गोष्ट माहीत हवी. सिम्वास्टॅटिन चालू असेल आणि बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन असेल, तर सिम्वास्टॅटिन दिवसाला २० मिलिग्रॅमच्या वर घेऊ नये, कारण त्याचे रक्तातले प्रमाण वाढते. स्नायू फार दुखू लागले, लघवी काळपट झाली तर लगेच दवाखाना गाठायचा. स्टॅटिनने साखर किंचित वाढू शकते, पण धोका जास्त असलेल्यांना फायदा त्याहून मोठा असतो. गरोदरपण असेल किंवा ठरत असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचे.

पैशाची अडचण खोटी नाही. पण अ‍ॅटोर्वास्टॅटिन आणि अ‍ॅम्लोडिपिन दोन्ही जनऔषधी केंद्रात बाजारापेक्षा बऱ्याच स्वस्तात मिळतात. वस्तीत तपासणी शिबिर घेणाऱ्या कार्यकर्त्यांनी बीपी मोजून थांबू नये. येताना चालू गोळ्यांच्या स्ट्रिप घेऊन यायला सांगावे आणि यातली कोणती बंद केली, का केली, एवढे जरूर विचारावे.