कोयनेचे पाणी आणि तीन हक्कदार

आपल्या गच्चीवर साधारण हजार लिटरची टाकी असते. ती भरलेली असली की घरातील बायामाणसे निर्धास्त असतात. हेच पाणी सुमारे 500 मीटर उंचीवरून खाली सोडून त्यावर वीज तयार केली, तर किती मिळेल? जेमतेम सव्वा युनिट. पाणी तापवण्याचा हजार वॅटचा हीटर सव्वा तास चालला की ती संपली!

बटण दाबताना हा हिशेब आपल्या लक्षात येत नाही. सातारा जिल्ह्यातील कोयना धरणावर मात्र तो रोज मांडावा लागतो. धरणाची साठवणक्षमता सुमारे 105 टीएमसी आणि वीजप्रकल्पाची क्षमता 1960 मेगावॅट. मुळात कोयना पूर्वेला वाहते आणि कराडला कृष्णेला मिळते. विजेसाठी मात्र तिचे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीपलीकडे पोफळीला उतरवतात. त्यासाठी कृष्णा पाणी लवादाने वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली आहे. हे पाणी पुढे वाशिष्ठीतून चिपळूणमार्गे समुद्राला मिळते. एकदा पश्चिमेला गेलेले पाणी पूर्वेच्या शेताला परत मिळत नाही.

वीज हा पहिला हक्कदार, दुसरा शेतकरी. सांगलीकडच्या दुष्काळी भागाला टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजना पाणी देतात. त्यांचे पंप विजेवर चालतात. म्हणजे विजेला पाणी हवे आणि पाण्याला वीज!

तिसरा हक्कदार मुका आहे, तो म्हणजे जंगल. जलाशयाभोवतीचे कोयना अभयारण्य 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. झाडांची मुळे माती धरून ठेवतात, पाऊस जमिनीत मुरवतात, झरे जिवंत ठेवतात. जंगल तुटले तर माती धरणात येते आणि साठा घटतो.

हवामान बदलाने हा हिशेब अवघड केला आहे. हवा एक अंश तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. त्यामुळे पाऊस कोसळला की एकदम कोसळतो, नाहीतर आठवडेच्या आठवडे ओढ देतो. 22 जुलै 2021 रोजी मुसळधार पाऊस आणि भरती एकत्र आली आणि चिपळूणची बाजारपेठ बुडाली. किती कुटुंबांचा संसार एका दिवसात चिखलात गेला! पुरासाठी धरणात जागा रिकामी हवी आणि उन्हाळ्यासाठी तेच धरण भरलेले हवे. दोन्ही कसे साधायचे?

एकेका खात्याने वेगवेगळा विचार करून हे साधणार नाही. दिवसा उपसा पंप सौरऊर्जेवर चालवता येतील. जलविद्युत केंद्र काही मिनिटांत सुरू होते, म्हणून ते पाणी संध्याकाळच्या वाढत्या मागणीसाठी राखता येईल. पाणी सोडण्याचे वेळापत्रक ठरवताना पावसाचा अंदाज, समुद्राची भरती आणि खालच्या वस्त्या एकत्र पाहाव्या लागतील. जंगल राखण्याचा खर्च हा धरणाच्या देखभालीचाच खर्च मानावा लागेल.

आम्ही शिक्षक वर्गात भूगोल, विज्ञान आणि नागरिकशास्त्र वेगवेगळ्या तासांना शिकवतो. कोयनेच्या नकाशावर हे तिन्ही विषय एकत्र येतात. मुलांसमोर तो नकाशा जरूर ठेवावा.

घरात आपल्या हाती थोडेच आहे, पण ते आजच करता येते. वुजू करताना नळ बारीक ठेवावा. रिकाम्या खोलीतील पंखा बंद करावा. वाचलेले प्रत्येक युनिट म्हणजे कुठल्या तरी धरणातले वाचलेले पाणी असू शकते. ही अमानत आहे. तिच्यावर शेतकऱ्याचा, जंगलाचा आणि नदीकाठच्या घरांचाही हक्क आहे.