ओपीडीतलं संशोधन : केसपेपर आणि प्रबंध

पावसाळ्यात वैनगंगेच्या खोऱ्यात धानाची रोवणी सुरू होते. पवनी, लाखांदूर, साकोलीकडच्या बाया दिवसभर चिखलपाण्यात वाकलेल्या असतात. थंडी, अंगातलं पाणी कमी होणं आणि अतिश्रम, या तिन्हींनी सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचं दुखणं उफाळतं. रोवणीत तिन्ही एकदम गाठतात. या दिवसांत हाडं दुखतात म्हणून येणारे वाढतात, असं भंडाऱ्यातल्या एखाद्या डॉक्टरला वाटू शकतं. नुसतं वाटून भागत नाही. कोणत्या महिन्यात किती आले, त्यांतले रोवणीला गेलेले किती, न गेलेले किती, हे मोजायला घेतलं की त्यातून पीएचडीचा विषय उभा राहतो.

असे प्रश्न रुग्णाजवळ असणाऱ्यालाच सुचतात. रायगड जिल्ह्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून घाम, नाडी, रक्तदाब टिपला. ती निरीक्षणं १९८२मध्ये ‘लॅन्सेट’ने छापली. पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाने त्यांनी कितीतरी जीव वाचवले. हे सारं रोजची रुग्णसेवा सांभाळून! महाराष्ट्राने अभिमान बाळगावा असंच हे काम आहे.

पण एकाच माणसाने उपचार आणि संशोधन करण्यात एक पेच आहे. बाई आलेली असते दुखणं थांबावं म्हणून. डॉक्टरला प्रबंधासाठी तिचं रक्त हवं असतं. सलाईन ज्याच्या हातात, त्याला ती ‘नाही’ कशी म्हणणार? म्हणून माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची नीतितत्त्वं सांगणाऱ्या १९६४च्या हेलसिंकी जाहीरनाम्याची पुढे सुधारलेली आवृत्ती सांगते : रुग्ण डॉक्टरवर अवलंबून असेल, तर संमती त्या डॉक्टरने न घेता उपचाराशी संबंध नसलेल्या जाणकाराने घ्यावी. प्रबंधाच्या साऱ्या सोपस्कारांत मला हा नियम सर्वांत मोलाचा वाटतो. मुलांसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत : पालकांची संमती हवीच, शिवाय सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार आणि त्यापुढे अठरापर्यंत लेखी.

सिकलसेलमध्ये तर जास्तच जपावं लागतं. वाहक म्हणजे आजारी नव्हे; त्याच्याकडे सदोष जनुकाची एकच प्रत असते. आई-बाप दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. तरीही ‘वाहक’ एवढा शब्द गावात फुटला की मुलीचं लग्न अडतं. म्हणून प्रबंधाच्या वहीत नाव नको, सांकेतिक क्रमांक हवा, आणि नाव-क्रमांकाची यादी वेगळ्या कुलपात. आई, बाप, मूल तिघांचं रक्त तपासलं तर कुणी न विचारलेलं नात्यातलं सत्यही कधी समोर येतं; त्याचं काय करायचं, हे पहिली नळी भरण्याआधीच नैतिकता समितीपुढे ठरलेलं असावं.

संमतीपत्रातलं एक वाक्य तर सही-अंगठ्याआधी मोठ्याने वाचून दाखवायलाच हवं : ‘तुम्ही नाही म्हटलं, किंवा मधेच सोडलं, तरी तुमच्या गोळ्या आणि उपचार पहिल्यासारखेच चालू राहतील.’