गोळी तीच, मग एकाचीच कातडी का सोलते? उत्तर आहे जनुकात

फिट येऊ नये म्हणून किंवा चेहऱ्यात विजेसारखी कळ जाते म्हणून डॉक्टर ‘कार्बामाझेपिन’ देतात. बहुतेकांना ते चालते. क्वचित एखाद्याला मात्र ताप येतो, तोंड येते, डोळे लाल होतात आणि कातडी भाजल्यासारखी सुटते. हा ‘स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम’. जिंतूर तालुक्यातील चारठाण्यासारख्या गावात ‘उष्णता झाली’ म्हणून दोन दिवस थांबणे जिवावर बेतू शकते.

असे का होते?
शरीरातील ‘एचएलए’ प्रथिने आपले कोण, परके कोण हे रोगप्रतिकारक पेशींना दाखवतात. काहींमध्ये या प्रथिनाचा ‘बी १५:०२’ हा प्रकार असतो. औषध त्याला चिकटले की पेशी स्वतःच्याच त्वचेवर हल्ला चढवतात. तैवानमध्ये २००४ साली अशा ४४ रुग्णांची तपासणी झाली. सर्व ४४ जणांत हा प्रकार आढळला. औषध सोसलेल्या १०१ जणांत तो फक्त तिघांत होता.

भारतात काय?
भारतीयांमध्ये हा प्रकार सरासरी २ ते ४ टक्के आढळतो. गुजरातमधील संशोधकांच्या २००९ च्या अभ्यासात ८ पैकी ६ रुग्णांत तो सापडला. युरिक ॲसिडवरील ‘ॲलोप्युरिनॉल’साठी ‘बी ५८:०१’ हा वेगळा प्रकार धोक्याचा ठरतो.

चाचणी कधी?
औषध सुरू करण्यापूर्वी, रक्ताच्या नमुन्यावरून. जनुक बदलत नाही, त्यामुळे ती एकदाच पुरते. चाचणी निगेटिव्ह आली तरी धोका शून्य होत नाही. पॉझिटिव्ह आली तरी प्रत्येकाला त्रास होतोच असे नाही. पण अशा वेळी डॉक्टर दुसरे औषध निवडू शकतात.

हे लक्षात ठेवा
- धोका पहिल्या दोन महिन्यांत सर्वाधिक. अनेक महिने त्रासाविना गोळी घेत असाल, तर मनाने बंद करू नका. फिट वाढू शकते.
- ताप, तोंडात फोड, डोळ्यांची आग, दुखणारे पुरळ दिसले, तर पुढची गोळी न घेता लगेच रुग्णालय गाठा. गोळ्यांचे पाकीट सोबत न्या.
- एकदा असा त्रास झाला, तर ते औषध पुन्हा कधीच नको. त्याचे नाव लिहून पाकिटात ठेवा, प्रत्येक डॉक्टरला दाखवा.
- जनुक आई-वडिलांकडून येते. म्हणून भावंडांना आणि मुलांनाही सांगा.
- औषधाच्या दुष्परिणामाची नोंद १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर करता येते.