कागदी कप नुसता कागदाचा नसतो!

ऑफिस कुठलंही असो, अकरा वाजले की चहा येतोच. आपल्या पालमचंच बघा ना. बँक, दुकान, कॉम्प्युटर क्लास, ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर, सगळीकडे टपरीवरून किटली येते आणि सोबत कागदी कपांची चळत. प्लास्टिक नाही, कागदच आहे, म्हणून आपण निर्धास्त!

पण चहा झिरपू नये म्हणून या कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर दिलेला असतो. खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी 2020 मध्ये असे कप तपासले. 100 मिलिलिटर गरम पाणी पंधरा मिनिटं कपात ठेवल्यावर त्यात प्लास्टिकचे सुमारे 25 हजार सूक्ष्म कण उतरले.

आता साधा हिशेब करू. ऑफिसात दहा जण, दिवसाला दोन चहा, महिन्याचे 25 दिवस. झाले 500 कप. वर्षाला सहा हजार, तेही एकाच ऑफिसचे! प्लास्टिकचा थर असल्यामुळे ते रद्दीत चालत नाहीत आणि नीट कुजतही नाहीत. मग नाली तुंबते, नाहीतर ढीग पेटवला जातो. उघड्यावर कचरा जाळायला 2016 च्या घनकचरा नियमांनीच मनाई केली, तरी धूर निघतोच.

उपाय सगळ्यांना माहीत आहे, स्टीलचा नाहीतर काचेचा कप. पण तो धुणार कोण? गाडी इथेच अडते. साहेबांनी ‘उद्यापासून कागदी कप बंद’ म्हणायचं आणि मावशींनी त्याच पगारात वीस कप जास्तीचे घासायचे, हे काही बरोबर नाही. असा बदल टिकतही नाही. शिवाय उन्हाळ्यात आपल्याकडे पाण्याची बोंब असते, ती वेगळीच.

मग करायचं काय?

- ज्याचा कप, त्यानंच धुवायचा. साहेबांनीसुद्धा!
- नळ सोडून धुवायचं नाही. एका टबात घासायचं, दुसऱ्यात विसळायचं.
- येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी चार ग्लास जास्तीचे ठेवायचे.
- टपरीवाल्या काकांना सांगायचं, ‘फक्त किटली आणा, कप नको.’ त्यांचाही कपांचा खर्च वाचतो.

नवीनच नोकरीला लागलेल्यांना वाटतं, ऑफिसात सगळ्यात लहान आपण, आपलं कोण ऐकणार? पण आपल्या टेबलावर आपला कप ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही. उद्याच्या चहापासूनच करून बघा!