पंचगंगेची सरकती वळणे

कोल्हापूर जिल्ह्यातल्या गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, शिरोळात, पाचशेच्या आसपास. डोंगरातले ते पाणी शिरोळापर्यंत आणते पंचगंगा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि कुणालाच न दिसणारी सरस्वती प्रयाग चिखलीला एकत्र येतात. तिथून नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळेपर्यंत नदी इतकी नागमोडी जाते, की हिला पोहोचायचे आहे की नाही अशी शंका यावी.

सह्याद्रीतला वेग सपाटीवर सरतो. वळणावर पाणी बाहेरच्या काठाला धडकून माती कापते आणि आतल्या संथ बाजूला गाळ टाकते. एका काठाची जमीन जाते, समोर मळी तयार होते आणि वर्षानुवर्षांत अख्खे वळणच सरकते! आपण मात्र पात्र सातबाऱ्यासारखे कायमचे धरून चालतो.

सरकण्याचा वेग बराचसा काठावर काय उगवले आहे यावर ठरतो. बोर्निओत किनाबटांगन नदीकाठचे जंगल जाऊन तेलताडाचे मळे आले. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की जिथे झाडी गेली तिथे नदी काठ अधिक वेगाने खाते. आपल्याकडे ताड नाही, ऊस आहे, तोही थेट काठापर्यंत. उंबर, करंज, जांभळाची मुळे दरडीत खोल शिरून माती आवळून धरतात. उसाची बहुतेक मुळे वरच्या थरात राहतात आणि पाणी पोखरते ते दरडीच्या पायथ्याशी. त्यात विटांसाठी काठाची गाळमाती उचलली, की दरड आणखी उघडी पडते.

पुरात नदीला पसरायलाही जागा लागते. तिथे भराव टाकला की तेवढेच पाणी अरुंद वाटेने, अधिक उंचीने जाते. पुढे कृष्णा भरलेली असली तर फुगवटा मागे सरकतो. कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट आहे. 2019 आणि 2021 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेले, पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. पाऊस अफाट होताच, पण सगळे खापर त्याच्यावर फोडणे सोयीचे आहे, खरे नाही.

पुरात नदी कुठवर पसरते ते पूररेषा दाखवतात: निळी पूररेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीकाठी प्लॉट बघायला जाणार असाल, तर आधी या रेषांचा नकाशा बघा.