अचल म्हणवणारे चल

शाळेच्या बीजगणितात 'क्ष' हा चल आणि 'पाय' हा अचल. दोघांची गल्लत होत नसे. वेबपानांना हालते-बोलते करणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेत मात्र दोघे एकत्र नांदतात. अचल म्हणून घोषित केलेल्या नावाला पुन्हा मूल्य देऊ गेल्यास क्रोम ब्राउझरच्या त्रुटीसंदेशात 'कॉन्स्टंट व्हेरिएबल', म्हणजे 'अचल चल', असे शब्द उमटतात. हा वदतोव्याघात म्हणायचा की नेमके वर्णन?

ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत या भाषेचे पहिले रूप १० दिवसांत रचले. त्यात चल घोषित करण्यासाठी 'व्हार' हा एकच शब्द होता आणि त्याचे मूल्य केव्हाही बदलता येई. 'कॉन्स्ट' हा शब्द १९९९ च्या मानकात केवळ भविष्यासाठी राखून ठेवला होता. तोवर प्रोग्रामर अचल नावे रोमन मोठ्या अक्षरांत लिहीत. तो संकेत होता, बंधन नव्हे. जून २०१५ च्या मानकाने 'कॉन्स्ट'ला भाषेत जागा दिली. घोषणेबरोबरच मूल्य द्यायचे, नंतर दुसरे द्यायचे नाही, असा त्याचा नियम.

गफलत इथेच होते. साध्या संख्येपुरता हा नियम चोख आहे. पण 'कॉन्स्ट'ने घोषित केलेली वस्तूंच्या दरांची यादी घ्या. त्या नावाला दुसरी यादी जोडता येत नाही, पण त्याच यादीतला साखरेचा दर खुशाल बदलता येतो. सवलतीचा हिशेब करणाऱ्या एखाद्या ओळीने तो बदलला, तर यादी वापरणारी प्रत्येक जागा चुकीचा दर वाचते आणि संगणक चकार शब्द काढत नाही. 'कॉन्स्ट'ने दारावरची पाटी पक्की ठोकली. घरातले सामान हलवायला बंदी केली नाही.

सामानही गोठवायचे, तर २००९ च्या मानकापासून 'ऑब्जेक्ट.फ्रीज' आहे. तेही वरचा थरच गोठवते. यादीच्या आत दुसरी यादी असेल, तर ती मोकळीच राहते.

म्हणजे तो त्रुटीसंदेश चुकीचा नाही. अचल असते ते नावाचे वस्तूशी जडलेले नाते. वस्तू स्वतः बदलू शकते. 'कॉन्स्ट' लिहिताना, आपण नक्की काय स्थिर करतो आहोत, हे म्हणूनच आधी स्वतःला विचारावे लागते.