‘गेला’ म्हटलेला डोळा

नसरापूरच्या शाळेचा व्हरांडा सकाळीच भरला आहे. वेल्ह्याकडून मार्गासनी, विंझरच्या रस्त्यानं आलेली जीप फाटकाशी रिकामी होते आहे. भोरकडची मंडळी कापूरहोळला एसटीतून उतरून वडापनं पोचत आहेत. भाताची झोडणी उरकली आहे, त्यामुळे माणसांना आज डोळ्यांकडे बघायला सवड मिळाली आहे. भिंतीवर अक्षरांचा तक्ता टांगला आहे, समोर सहा मीटरवर खडूची रेघ. रेघेवरच्या बाकावर एकेक जण बसतो, एक डोळा तळहातानं झाकतो आणि दिसेल ते वाचतो.

रांगेतल्या बहुतेकांना मोतीबिंदू आहे. त्यांची नावं भराभर शस्त्रक्रियेच्या यादीत चढतात. मग कानद खोऱ्यातला पन्नाशीचा एक शेतकरी बाकावर बसतो. डॉक्टरीणबाई उजवा डोळा झाकायला सांगतात, तर तो आधीच हात हलवतो.

“डाव्याचं ऱ्हाऊ द्या मॅडम. त्यो डोळा गेला. बैलानं शिंग मारलं, तवाच गेला.”

“मामा, बघू तर द्या.”

तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षरही त्या डोळ्याला लागत नाही. मॅडम बॅटरी पेटवतात. “वर बघा. आता समोर.” डोळा समोर येऊन थांबतो, पण बाहुलीभोवतीचा तपकिरी पडदा लगेच थांबत नाही. तो थरथरतो. मॅडम मला वाकून बघायला सांगतात आणि ती थरथर मलाही स्पष्ट दिसते.

डोळ्यातलं भिंग त्या पडद्याच्या मागे असतं. पाळणा दोऱ्यांवर तोलावा तसं ते चहूबाजूंच्या बारीक तंतूंवर तोललेलं असतं. डोळ्याला शिंग, काठी, विटी किंवा चेंडू जोरात लागला की हे तंतू तुटू शकतात. थोडे तुटले तर भिंग एका बाजूला कलतं. सगळेच तुटले तर ते मागच्या पारदर्शक द्रवात जाऊन पडतं. पुढच्या पडद्याचा आधार गेलेला असतो, म्हणून डोळा हलला की पडदा हलत राहतो.

मॅडम पेटीतून चाचणीची चौकट काढतात, मामांच्या नाकावर बसवतात आणि डाव्या बाजूला अधिक 10 नंबरचं भिंग सरकवतात. उजवा डोळा झाकलेलाच आहे. मामा तक्त्याकडे बघतात. बराच वेळ काही बोलत नाहीत. मग वरचं अक्षर म्हणतात, खालची ओळ म्हणतात, तिसऱ्या ओळीत अडखळतात. उजव्या डोळ्यावरचा हात घट्ट आहे ना, हे ते स्वतःच चाचपून पाहतात. शेजारी उभा असलेला मुलगा म्हणतो, “आबा, ह्यो गेलेलाच डोळा हाय!”

बाहुली मोठी करायचे थेंब पडतात. अर्ध्या तासानं मॅडम आत पाहतात. भिंग डोळ्याच्या तळाशी पडलं आहे, मागचा पडदा जागेवर आहे, दाबही ठीक आहे. आतलं धूसर असतं आणि नजर पोचली नसती, तर सोनोग्राफी करावी लागली असती.

“मग ह्योच चष्मा द्या की,” मामा म्हणतात.

मॅडम शांतपणे समजावतात. या नंबरातून वस्तू सुमारे पाव पटीनं मोठी दिसते. उजव्या डोळ्याला तीच वस्तू नेहमीएवढी दिसणार, आणि दोन मापांची चित्रं मेंदू जुळवू शकत नाही. कॉन्टॅक्ट लेन्सनं हा फरक बराच कमी होतो, पण चिखलाच्या हातांनी ती रोज घालणं-काढणं धोक्याचं. म्हणून पुण्यात शस्त्रक्रिया करायची: आत पडलेलं भिंग काढायचं आणि नवं कृत्रिम भिंग डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीला किंवा तपकिरी पडद्याला अडकवून बसवायचं.

पुढच्या आजींच्या दोन्ही डोळ्यांत भिंग नाही. फार पूर्वी एका शिबिरात मोतीबिंदूसोबत सगळं भिंगच काढलं होतं, तेव्हाची ती सर्वमान्य पद्धत. हॅरॉल्ड रिडले यांनी लंडनमध्ये 1949 साली पहिलं कृत्रिम भिंग बसवलं, पण ते आपल्या खेड्यांपर्यंत यायला चार दशकं गेली. 1992 पासून मदुराईत स्वस्त भिंगं तयार होऊ लागली आणि चित्र पालटलं. आजींचा जाड चष्मा दोऱ्यानं बांधलेला आहे. त्यातून कडेचं काही दिसत नाही आणि माणूस एकदम पुढ्यात उगवतो, असं त्या सांगतात. आज नव्या चष्म्याचं माप घेतलं जातं. बुबुळ आणि मागचा पडदा चांगला निघाला, तर या वयातही भिंग बसवता येईल, असं मॅडम सांगतात.

दुपारी हिर्डस मावळातली एक मुलगी आईबरोबर येते. नंबर सारखा वाढतो म्हणून बाईंनी शाळेतून पाठवलंय. वयाच्या मानानं खूप उंच, बोटं लांबसडक. मॅडम तिला अंगठा आत घेऊन मूठ वळायला सांगतात. अंगठ्याचं टोक मुठीबाहेर डोकावतं. थेंबांनंतर बाहुलीत भिंगाची कड कमानीसारखी दिसते. भिंग वर आणि बाहेरच्या बाजूला सरकलं आहे. मॅडमना मार्फान सिंड्रोमची शंका येते. हा जन्मजात दोष तंतू कमजोर करतो, शिवाय हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीची भिंतही.

“हिचे वडील उंच आहेत?”

“व्हय, त्यांचीबी बोटं अशीच.”

मॅडम चिठ्ठीवर मुलगी आणि वडील दोघांसाठी हृदयाची टूडी इको तपासणी लिहितात. मुलीला आधी अचूक चष्मा, म्हणजे डोळा आळशी पडणार नाही. त्यानं भागलं नाही तर शस्त्रक्रिया.

संध्याकाळी यादी पूर्ण होते. मामांचं नाव तिच्यात आहे.

या खोऱ्यांमधल्या वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे. डोळ्याला मार लागला, एकाच डोळ्यानं दोन-दोन दिसू लागलं किंवा नजर अचानक धूसर झाली, तर त्याच दिवशी भोरचा सरकारी दवाखाना किंवा पुण्याचं ससून गाठा. डोळा लाल होऊन ठणकू लागला, उलट्या होऊ लागल्या, तर सरकलेलं भिंग पुढे येऊन आतला दाब वाढलेला असू शकतो; तिथं रात्रही थांबू नका. डोळा चोळू नका, मध-तूप घालू नका. आणि घरात कुणाचा डोळा ‘गेला’ म्हणून सोडून दिलेला असेल, तर त्याला एकदा तपासायला घेऊन जा.